गुळगुळीत पुट्टी

होड्या दुरुस्तीचं वर्कशॉप आता नात बघते. परवा दोन डबे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला तळाकडून यातलं काय लावू?"

"आधी सांग, पत्र्याला चीर गेलीय की पत्रे जोडणारं रिबिट सैल झालंय?"

"तुला बरं एवढं कळतं," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा. घराच्या पुढच्या खोलीत यांचं वर्कशॉप. हे पत्रा आणायला दोन दिवस बाहेरगावी गेले आणि त्याच सकाळी होडीवाल्या मावशी आल्या. धक्क्यावरून पलीकडच्या काठाला माणसं पोचवायच्या. आवाज असा, की इकडून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघायचा.

"सूनबाई, तळातून पाणी झिरपतंय. कुठंय तो?"

"परवा येतील," एवढंच म्हणायचं होतं मला. पण घरात मला सगळे 'चहा खातं' म्हणत. चहा करायचा, गिऱ्हाइकाला द्यायचा, की माझं काम संपलं. ते डोक्यात होतं.

"ठेवून जा मावशी. संध्याकाळपर्यंत करून देते."

"तू?"

"रोज बघतेच की."

"बघून पोहता येत नाही, बाई," त्या म्हणाल्या. पण उद्याच्या फेऱ्या होत्या, म्हणून होडी ठेवून गेल्या.

मोटारीच्या दाराचा पोचा भरतात ती पुट्टी फळीवर होती. ती पटकन घट्ट होते, घासली की काचेसारखी दिसते. लोखंडी गेटाचा गंज काढायचा तारेचा ब्रश होता, त्यानेच मी होडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खरवडला. सैल रिबिटांची ओळ पुट्टीने झाकली, स्वयंपाकघरातल्या सुरीने सपाट केली, घासली, वर रंग मारला. मावशींनी संध्याकाळी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "लोण्यासारखं झालंय गं." त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हे आले तेव्हा सांगितलं नाही. आधी काम टिकू दे, मग ऐटीत सांगू, असा माझा विचार.

नवव्या दिवशी भरल्या होडीत पाणी शिरलं. काठ जवळ होता, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली. मावशी तशाच ओल्या लुगड्याने वर्कशॉपात आल्या. तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत त्यांनी पुट्टीची खपली टेबलावर आपटली आणि यांना विचारलं, "हे तुझं काम?"

यांनी ती उचलली, उलटी करून बघितली. मग एकदाच माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

"हो मावशी," हे म्हणाले. "माझं चुकलं."

मी कप मांडले.

धक्क्यावरची कामं त्यानंतर दुसरीकडे जायला लागली. लोक तोंडावर म्हणायचे, "हात गेला बरं का तुझा." हे म्हणायचे, "होतं कधी कधी." रागावले असते तर मी रडून मोकळी तरी झाले असते. रोज चहा नेताना वाटायचं, आज सांगू. रोज कप गोळा करून आत यायची. असे सात महिने गेले.

शेवटी मावशींच्याच घरी गेले. त्या जाळीची खिडकी पुसत होत्या. मी उंबऱ्यातच सांगितलं, "ती पुट्टी मी लावली होती."

त्यांनी फडका पिळला. "माहीत आहे. होडी तुझ्याच हाती दिली होती ना. त्याला विचारून केलं असशील म्हणून तेव्हा त्याच्यावर ओरडले. पण नंतर खपली नीट बघितली तेव्हा कळलं, त्याचा यात हातच नव्हता. तुझ्या नवऱ्याचं काम टिकतं, पण इतकं देखणं कधी नसतं."

"मग त्यांना..."

"तो त्याच दिवशी मागनं आला होता. म्हणाला, ती आपणहून सांगेपर्यंत माझंच समजा." मग फडका झटकत म्हणाल्या, "बराच वेळ लावलास, सूनबाई."

घरी आले. हे होडी पालथी घालून बसले होते. मागे उभी राहून मी सांगितलं.

"तो ब्रश आण," म्हणाले. "नवा, स्टीलचा. लोखंडाला लावलेला इकडे आणायचा नाही, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियमला खातात."

मग शेजारी जागा करून दिली. आधी रिबिट ठोकून आवळायचं, मग रबरासारखं लवचीक राहणारं सीलंट लावायचं. चीर असेल तर दोन नळ्यांतलं मिसळून होतो तो घट्ट चिकटणारा इपॉक्सी, तोही पत्रा खरवडून पुसल्यावर लगेच; कारण हवा लागली की पत्र्यावर न दिसणारा थर सायीसारखा पुन्हा धरतो. "होडी पाण्यात वाकते," हे म्हणाले. "पुट्टी वाकत नाही. म्हणून ती सुटते."

धक्क्यावरची कामं परत यायला दोन वर्षं लागली. धक्क्यावर जाऊन खरं सांगायला मी तयार होते. यांनी जाऊ दिलं नाही, आणि मीही फार हट्ट केला नाही. तेवढं अजून बोचतं.

नातीने रिबिटांची ओळ दाखवली. मी डबा निवडून दिला. "आणि हे बघ," म्हटलं, "दिसायला ओबडधोबड झालं तरी चालेल. बस, तुला एक गोष्ट सांगते."