अर्ध्या रांजणातलं पिवळं फूल

साल १९४९. पोलीस ॲक्शनला वर्ष होत आलं होतं. मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. खरं तर त्यातला उरलेला अर्धा. कडूबा कुंभारानं मला घडवलं. शहरातल्या गुलमंडी बाजारातले कापड दुकानदार आप्पासाहेब यांच्या घरी मी बारा उन्हाळे पाणी गार ठेवलं. पाहुणे तांब्या रिकामा करून माझं कौतुक करत. मग मी तडकलो. वरचा भाग फेकला गेला, खालचा परसात पडून राहिला. त्यात हळूहळू माती साठली.

त्या भादव्यात माझ्यात आपोआप एक रोप वाढलं. एका सकाळी त्याला फूल आलं. हळदीसारखं पिवळं, रेशमासारखं तलम, तळाशी गडद लाल. जन्मभर मी फक्त पाणी सांभाळलं होतं. माझ्या पोटातून असं काही उमलेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालं, तेव्हा तर मी थक्कच झालो.

घर मात्र घाबरलं. सूनबाई वच्छलाबाईंनी शेजारणींना विचारलं. एक म्हणाली भेंडी, दुसरी म्हणाली जास्वंद. खरं नाव कुणालाच सांगता येईना.

"रंग बदलतंय, विषारी असंल," आप्पासाहेब म्हणाले. "लेकरांनी तोंडात घातलं म्हंजे? उपटा ते."

"राहू द्या ना मामंजी, किती देखणं आहे!"

"नाय म्हणलं ना!"

पण हात लावायला कुणी धजेना. म्हणून जवळच्या गारखेडा गावाहून दूध आणणाऱ्या सारजाबाईला बोलावलं. इतकी वर्षं ती दारातूनच दूध घालून परत जायची. परसात पहिल्यांदाच आली. तिनं रोप मुठीत धरलं. माझा जीव गोळा झाला. आणि ती हसत सुटली.

"अवं आप्पासाहेब, ही तर कपाशी! जल्मभर कापड इकलं तुमी, अन् हिलाच वळखलं न्हाई? वैनी रोज देवापुढं हिच्याच वाती लावत्यात की!"

वच्छलाबाई लाजल्या. त्या रोज परसात बसून वातींच्या कापसातली सरकी, म्हणजे बिया, काढत आणि माझ्याकडं भिरकावत. त्यातलीच एक रुजली होती. गुलमंडीतच लहानाच्या मोठ्या झालेल्या. कपाशीचं झाड कधी पाहिलंच नव्हतं; कापूस पाहिला तो बाजारातल्या पुडीतला.

"मंग, उपटू का ठिवू?" सारजाबाईनं विचारलं.

आप्पासाहेबांनी वाकून फुलाला हलकेच बोट लावलं. "ठेव. अन् उद्यापासून दूध इकडं आतच घेऊन ये. झाडाकडं बी बघत जा."

दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटली. इतकं पांढरंशुभ्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्या कापसाची पहिली वात आप्पासाहेबांनी स्वतः वळली.

सात वर्षांनी ते गेले. वच्छलाबाई दर पावसाळ्यात माझ्यात सरकी पेरत राहिल्या. सारजाबाई थकल्यावर त्या तिला भेटायला गारखेड्याला जात, थेट तिच्या चुलीपाशी बसत. आता त्या दोघीही नाहीत. मी वच्छलाबाईंच्या नातीच्या गच्चीत आहे, आणि यंदाही माझ्यात पिवळं फूल आलंय.

मित्रांनो, तुमच्या अंगणात अनोळखी काही उगवलं, तर ते उपटण्याआधी दारात उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवा.