पुढची चाकं

"चढ आला चढ, राणी उतर गं खाली,
तुझ्या उतरण्यानं गाडी हलकी झाली!"

बाबांचा हा आवाज अजून माझ्या कानात घुमतो. टेकडीचा निसरडा चढ समोर आला की ते पिकअप थांबवत, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत आणि स्वतःच जुळवलेल्या या ओळी म्हणत. आई नाक मुरडायची. "माझ्या वजनावर गाणी रचा तेवढी," म्हणत उतरायची. गाडीच्या नाकाला वळसा घालायची, अलीकडे एकदा वाकायची, पलीकडे एकदा वाकायची, हात झटकायची आणि पायवाटेनं चालू लागायची. मग बाबा मोठ्या गिअरशेजारचा छोटा गिअर ओढत. गाडीच्या पोटातून 'खट्' असा आवाज येई आणि चारही चाकं माती कवटाळत वर निघत. मधल्या सीटवर बसलेल्या मला वाटे, आई चपलेचा चिखल काढायला वाकते, आणि गाडी चढते ती आई उतरल्यामुळेच. गाण्यात तसंच होतं ना! लहानपणी गाणं खोटं बोलत नसतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. टेकडीवर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या अजून तशाच होत्या. गाडी दाराशी उभी, आणि आई कंबरेवर हात ठेवून पायी वर जायची, पेट्या बघून यायची. आज त्या खाली आणून एका ओळखीच्या मधवाल्याकडे सोपवायच्या, आणि आईनं कायमचं माझ्याकडे यायचं, असं मी ठरवलं होतं. "आई, चालेल ना?" विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुला बरं वाटेल ते कर." मी तो होकारच समजले.

माश्या सांजेला घरी परतल्या की पेट्यांची तोंडं बंद करायची असतात. म्हणून उन्हं कलताना आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी आई, मांडीवर माश्यांना शांत करायचा धुराचा डबा घेऊन. तिच्या पलीकडे, गाडीच्या दाराशी मामा. आईचा हा धाकटा भाऊ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला; गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, हे त्यानं निघायच्या आधीच जाहीर केलं होतं.

चढ आला. मी छोटा गिअर ओढला. समोर चारही चाकं जोडल्याचा हिरवा दिवा लागला. मागची चाकं भिरभिरली, चिखल उडाला, आणि गाडी जागची हलली नाही. पुढची चाकं पूजेला बसल्यासारखी निवांत.

"उतरा!" मामा म्हणाला. "बसनं मला कधी असं तोंड पाडून दाखवलं नाही."

"मामा, बस डांबरावर चालते."

"आणि ही डबी रुसव्यावर. थोडी मागे घे, मग परत ओढ. कधी कधी दातात दात बसत नाही."

मी मागे घेतली, परत ओढला. 'खट्' झालं. दिवा लागला. पुन्हा तेच. मामानं फ्यूज तपासला; दिवा लागतोय म्हणजे फ्यूज कसा गेला असेल, असं मी म्हटल्यावर, "खात्री करून घ्यावी माणसानं," म्हणून परत लावला. आई खिडकीतून टेकडीच्या माथ्याकडे बघत होती. एरवी भाजीत मीठ किती पडलं ते शेजारच्या खोलीतून सांगणारी बाई आज गप्प होती.

शेवटी मामा बाजूला पोतं अंथरून आडवा झाला. "क्लच हळू सोड गं. मी खाली बघतो."

मी सोडला. चिखलाची एक चूळ त्याच्या अंगभर आली.

"थांब, थांब! अगं, पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा, शाफ्ट, फिरतोय! गरगर फिरतोय. चाकं मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी बसलीत, कुणी पाणी दिल्याशिवाय हलायची नाहीत."

म्हणजे जोर चाकाच्या दारापर्यंत येत होता आणि दार बंद होतं. मी उतरले, पुढच्या चाकापाशी उकिडवी बसले. मधोमध वाळलेल्या चिखलाचा गोळा होता. किल्लीनं तो खरवडला. आतून एक गोल खिट्टी निघाली, तिच्यावर बाण. एका बाजूला 'फ्री' कोरलेलं, दुसऱ्या बाजूला 'लॉक'. बाण 'फ्री'वर होता, म्हणजे चाक शाफ्टपासून सुटं. आणि खिट्टीच्या कडा, जात्याच्या खुंट्यासारख्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या.

"अरे, हे बाहेरून फिरवायचं असतं!" मामा चिखलातून उठला. "बसला असली भानगड नसते. पण मग दाजी बसल्या जागेवरून कसं फिरवायचे?"

"बाबा उतरायचेच नाहीत, मामा. उतरायची ती..."

अलीकडे एकदा वाकणं, पलीकडे एकदा वाकणं. आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिलं.

मी खिट्टी फिरवली. आधी अडली, मग अलगद बसली. वळसा घालून दुसरीही फिरवली. मग आईच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"तुला माहीत होतं."

"माझंच काम होतं ते. त्यांना गुडघ्यामुळे वाकवत नव्हतं." आई डब्याचं झाकण उघडत, मिटत होती. "गाडीवाल्याला वाकता येत नाही म्हटलं की लोक हसतात, म्हणायचे. म्हणून ते गाणं. माझ्या वजनावर हसले लोक, मला चाललं."

एवढं जड गुपित त्या दोन हलक्या ओळींनी किती सहज वाहिलं होतं!

"अक्का, माझी पँट बघ," मामा म्हणाला. "एक शब्द तर टाकायचास!"

"धुऊन देईन."

"पण आई, आम्ही मघापासून लोळतोय चिखलात. का नाही बोललीस?"

ऊन माथ्यावरून सरकत होतं. वरून, परतणाऱ्या माश्यांची बारीक गुणगुण येत होती. मामानं पोतं उचललं आणि उगाचच झटकत लांब गेला.

"आता चढेल ना गाडी?" आईनं विचारलं.

"चढेल."

"चढली की पेट्या उतरणार. पेट्या उतरल्या की मी." तिनं डबा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझं घर चांगलं आहे. तू पण चांगली आहेस. तुझं मन मोडेल म्हणून 'कर' म्हणाले, पण मला यायचं नाहीये बाळा. मला इथंच राहायचंय, माझ्या माश्यांपाशी."