वेशीबाहेरचं वर्तमानपत्र

अमरावतीच्या वाचनालयाची एक खोली परकोटाबाहेर, कापसाच्या बाजाराजवळ होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना केशवराव तिथे रोज दिवस कलताना मुंबईचं वर्तमानपत्र वाचून दाखवत. ऐकणारे अंगणात बसत. पार्वताबाई भाजीची पाटी घेऊन दाराशीच.

एक गोष्ट मात्र केशवराव कधी वाचत नसत : तारीख. पत्र आधी शहरातल्या सभासदांच्या घरोघर फिरे, मगच वेशीबाहेर येई. तोवर आठवडा उलटलेला असे. आपण शिळं वाढतो हे सांगायची त्यांना लाज वाटे, आणि विचारतही कोणी नसे.

वैशाखातल्या एका दुपारी ते नेहमीप्रमाणे जुना अंक आणायला वाचनालयाचे प्रमुख सभासद खुशालराव यांच्या शहरातल्या बैठकीत गेले. गादीवर ताजा अंक पडला होता. उभ्या उभ्याच त्यांनी वाचलं. अमेरिकेतली लढाई संपली. तिथला कापूस पुन्हा येणार, म्हणून मुंबईत कापसाचा भाव कोसळला.

"तो पाळीनं येईल तुमच्याकडे," खुशालराव म्हणाले. "आधी सभासद. नियम तुमच्याच हातानं लिहिलेला आहे ना?"

होता खरा.

संध्याकाळी नत्थुजी सगळ्यांच्या पुढे बसला होता. त्याचा पानमळा जवळच. वेल बापानं अंजनगावाहून आणून लावलेले. उद्या ते उपटून तिथे कापूस पेरायची तयारी करायची, असं त्यानं ठरवलं होतं.

"वाचा जी केशवरावजी. भाव चढूनच राहिला न?"

केशवरावांनी हातातला अंक वाचला. भाव चढाच होता.

"पाहा! अन् बायको म्हन्ते, मळा राहू द्या. तिले काय, तोंड रंगवाले पानं पायजे!"

सगळे हसले. केशवरावांनी अंकाची घडी घातली.

"नत्थुजी, हे... हे सात दिवसांपूर्वीचं आहे."

"कोनतं?"

"हे पत्र. नेहमीच असं असतं. नवं मी आज पाहिलं. भाव पडलाय."

मग मागून जानराव अडत्या म्हणाला, "मंग दाखवा न नवं! तुमीच सांगता, छापेल सोडून तोंडचं आयकू नोका."

"मले सकाळी मानसं लावाची हायेत," नत्थुजी म्हणाला.

"थांबा," म्हणून केशवराव उठले आणि वेशीतून बैठकीकडे गेले. खुशालराव आत जेवायला बसले होते. केशवरावांनी कोणाला न विचारता गादीवरचा अंक उचलला आणि चोरासारखे परतले. चोरासारखे कशाला, चोरच.

या वेळी त्यांनी आधी तारीख वाचली. दोनदा. मग बातमी.

नत्थुजीनं तोंडावरून हात फिरवला. "नाई लावत मानसं. वाचलो जी."

केशवरावांना जरा हायसं वाटलं, तोच दारातून पार्वताबाई म्हणाली, "दिवाळीत तुमी भाव तेज वाचला व्हता. आमी कापूस घरातच ठेवला. मंग पडला. तवाचं कोन्या दिवसाचं व्हतं?"

कपाटात जुन्या अंकांचा गठ्ठा होता. तो सोडून पाहायची गरज नव्हती; तारीख त्यांना पाठ होती.

"नऊ दिवसांपूर्वीचं," ते म्हणाले.

ती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. कोणीतरी कुजबुजलं, कोणी उठलं. वेशीतून खुशालरावांचा गडी हाका मारत येत होता. केशवरावांनी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली.