दोघांपुरता माळा

आई भावेश्वरी, तुझ्या चरणी माथा टेकतो. मुक्या लाकडाला आज ज्याने वाचा दिली, त्या पांडुरंगाला वंदन करतो आणि मग माझी हकिकत सांगतो.

मी माळा बोलतो आहे. जुनी भांडी आणि मोडके पाळणे ठेवतात तो घरातला माळा मी नव्हे. शेतातले पीक राखण्यासाठी चार खांबांवर जो उंच मांडव उभारतात, तो मी. राधानगरी आणि गारगोटी यांच्या मधल्या डोंगरात आंबेखोल नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावची शेवटची शेती जिथे संपते आणि जंगल सुरू होते, तिथे मी उभा आहे.

मला उभारले गणपतरावांनी. खांब ऐनाचे, फळ्या जांभळीच्या, शिडी बांबूची. रुंदी किती ठेवू, असे सुताराने विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी आन् ही. तिसरं कोण येतंय हितं?" ही म्हणजे त्यांची पत्नी चिमणाबाई. अशा रीतीने माझे माप ठरले, आणि ते आजतागायत बदललेले नाही. माझ्यावर दोनच माणसे बसू शकतात.

भात पोटरीला आले की जंगलातून गवे उतरत. तिन्हीसांजेला नवरा-बायको वर चढत. गवताची सळसळ झाली की गणपतराव गोफण फिरवीत आणि चिमणाबाई पत्र्याचा डबा बडवीत. तिच्या डब्याचा आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येई. भुकेल्या जिवाला ताटावरून उठवण्याचे ते काम. त्यात पुण्य किती आणि पाप किती, हे मला कधी ठरवता आले नाही. पण एक मात्र मी पाहिले. गवे निघून गेल्यावर ती दोघे तासन्‌तास गप्प बसत, आणि त्या गप्प बसण्यात भांडण नसे, रुसवाही नसे. संतांनी एकांताची एवढी महती का गायिली असावी, हे मला त्या दोघांमुळे थोडेसे उमगले.

पुढे गणपतराव देवाघरी गेले. त्या वर्षीचा हंगाम चिमणाबाईने एकटीने काढला. गावातल्या बायका म्हणत, "एकटी बाई रानात कशापायी जातीस?" ती डबा उचलून चालू लागे. वर बसल्यावर तिचे ओठ सारखे हलत. नाम चालू असे. तिला एकटी म्हणावे असे मला कधी वाटले नाही.

नंतर शेत पडीक पडले. माझ्या खांबांवर वेली चढल्या, शिडीच्या दोन पायऱ्या गळून पडल्या, आणि आढ्याला गांधीलमाश्यांनी पोळे केले. सहा वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही.

मला पुन्हा कामाला लावले ते आकारामने. हा गावचाच माणूस. कोल्हापूरच्या शाहूपुरी बाजारपेठेत पंधरा वर्षे ट्रक चालवून परत आलेला. गावाने जंगलाच्या कडेची पडीक जमीन राखून तिथे सफारी सुरू करायचे ठरवले, आणि ते काम त्याच्याकडे आले. एक उघडी जीप, सहा किलोमीटरची वाट, आणि शेवटी शंभर पावले चालून मी. ज्याच्यावरून गवे हाकलले, त्याच्यावरून आता गवे पाहायचे. देवाची लीला म्हणतात ती हीच.

परंतु माणसे येईनात. तशात एक कंत्राटदार गावात आला. त्याचे म्हणणे असे, की एका जीपने काय होणार? बारा जीप आणू, गवतावर हॉल बांधू, गाणीबजावणी ठेवू. हा लाकडी सांगाडा तेवढा काढून टाकू. आठ दिवसांनी ग्रामसभा होती. तोवर दुसरा काही मार्ग निघाला नाही तर गाव होकार देणार होते. तसे झाले तर मी जळणात जाणार होतो आणि आकाराम पुन्हा ट्रकवर.

त्याला एकच आशा होती, संयोगिताताईंची. त्यांची शाहूपुरीत प्रवास कंपनी आहे. एकट्याने फिरणारी माणसे आणि जोडपी यांच्यासाठी त्या शांत, बिनगर्दीचे जंगल शोधत होत्या. आकारामने फोन केला आणि त्या येते म्हणाल्या. ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षातली.

आदल्या दिवशी सरपंच बाळासो आणि आकाराम माझ्या सावलीत उभे होते. बाळासो हा मनाने निर्मळ, पण आवाज असा की दोन शेतांपलीकडचा बैल मान वर करील.

"हलगी ठरवलीया," बाळासो म्हणाला. "शाळेची पोरं लेझीम घेऊन येत्यात. तांबडा-पांढरा रस्सा हितंच गवतावर."

"सरपंच, त्यास्नी शांतता बघायची हाय."

"मग बघू दे की! जेवून शांतपणी बघू दे. कोल्हापुरातनं पावणी येणार आन् आपण काय तोंडाला कुलूप लावून बसायचं व्हय? गावाला इज्जत हाय का न्हाय?"

आकारामने मान डोलावली. गावाच्या प्रेमाला नाही म्हणणे आमच्याकडे कोणालाच जमत नाही. चूक झाली ती तिथे.

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिताताई जीपमधून उतरल्या आणि हलगी कडाडली. मुलांनी लेझीम धरले. साठ-सत्तर माणसे गवतावर जमली होती. ताईंना फेटा बांधला, नारळ दिला, फोटो काढले. बाळासोचे भाषण झाले. पानात वाढता वाढता त्याने चारदा विचारले, "पावणं, लाजू नगा, रस्सा घ्या की!" त्यातच चिमणाबाई काठी टेकत पुढे आली आणि तिने ताईंना विचारले, "एकटीच आलीस व्हय बाई? मालक न्हाई आलं?"

ताई हसल्या, पण ते हसू ओठांपुरतेच होते.

जेवणानंतर त्या वर चढल्या आणि दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिल्या. खाली भांडी घासली जात होती, मुले एकमेकांना हाका मारत होती. जंगलात पानसुद्धा हलले नाही. शेवटी त्या आकारामला म्हणाल्या, "दादा, जेवण उत्तम होतं. माणसंही फार चांगली आहेत. पण मी याआधी चार ठिकाणं पाहून आले. एका ठिकाणी एका गव्याभोवती वीस गाड्या होत्या. दुसरीकडे एकटी बाई म्हटल्यावर खोली द्यायलाच तयार नव्हते. इथं तसं नसेल, असं वाटलं होतं. उद्या दुपारपर्यंत मला एक जागा नक्की करायची आहे. ही होईल असं वाटत नाही मला."

आकारामने मान खाली घातली. त्याचा हात माझ्या खांबावर होता.

खाली बाळासो चिडला. "येवढं केलं तरी न्हाई? आन् त्यो गवा तरी कुठं कडमडला आज? रोज हितंच असतोय की!"

तेव्हा चिमणाबाई बोलली. तिने आवाज चढवला नाही.

"बाळासो, चाळीस वर्सं ह्या माळ्यावर डबं बडवलं आमी. कशापायी? गवा जावा म्हणून. आज तुमीबी त्येच केलासा. मग गवा आला न्हाई म्हणून वरडतासा कशाला?"

कोणीतरी खुदकन हसले. बाळासोने टोपी काढली, डोके खाजवले आणि पुन्हा टोपी घातली.

चिमणाबाई ताईंकडे वळली. "बाई, मघाशी इचारलं त्ये चुकलंच माझं. मीबी एकटीच बसायची हितं, लोकं मलाबी त्येच इचारायची. आजच्या दिस ऱ्हा माझ्याकडं. सकाळ बघ, आन् मग जा."

ताईंनी घड्याळ पाहिले, म्हातारीच्या तोंडाकडे पाहिले आणि हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ताई आणि आकाराम माझ्यावर येऊन बसले. रोज या वेळी देवळाच्या कर्ण्यावर अभंग लागतात. मला ते फार प्रिय आहेत, पण त्या दिवशी कर्णा मुका होता. देवाला काही उणे वाटले असेल असे मला वाटत नाही. त्याला ते ज्याच्या त्याच्या मनातून ऐकू येत असणार. पिठाची गिरणी सुरू झाली नाही. कोणी कोणाला बांधावरून हाक मारली नाही. एवढ्या वर्षांत मी प्रथमच दवाचे थेंब पानावरून खाली पडताना ऐकले.

एक शेकरू समोरच्या झाडावर आले, शेपूट झुलवून गेले. गवा काही आला नाही. आकाराम वारंवार गवताच्या टोकाकडे पाही आणि नजर परत घेई. ऊन खांबाच्या निम्म्यावर आले. त्याच्या चेहऱ्यावर हार दिसू लागली.

तेवढ्यात ताईंनी दुर्बीण जंगलावरून काढून रस्त्यावर लावली आणि तिथेच धरून ठेवली.

वळणावरच्या चढावर सरपंच बाळासो मोटारसायकल हाताने ढकलत होता. इंजिन बंद. दोन्ही बाजूंना दुधाने भरलेल्या किटल्या, आणि त्यांची झाकणे वाजू नयेत म्हणून मध्ये कोंबलेले फडके. अंगरखा घामाने पाठीला चिकटलेला. एक वहाण पायातून निसटली. त्याने ती वाकून उचलली आणि तोंडातून चकार शब्द न काढता पुन्हा ढकलू लागला. सबंध चढ त्याने असाच पार केला. टेकाडापलीकडे गेल्यावर मग कुठे, अगदी दुरून, इंजिनाचा आवाज आला.

ताईंनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचे डोळे ओले होते आणि त्या हसतही होत्या.

"ताई, गवा न्हाई आला..." आकाराम चाचरत म्हणाला.

"गवा मी पुष्कळदा पाहिलाय हो. तुमच्या सरपंचांना गप्प राहिलेलं आजवर कुणी पाहिलं होतं का?"

"न्हाई बा," आकाराम म्हणाला. "त्येंच्या आईनंबी न्हाई."

"माझी माणसं इथंच येतील, दादा. एका वेळी दोन, नाहीतर एक. तिसरं नको. आणि एकटी बाई आली तर सोबत कोण नाही का, असं कुणी विचारायचं नाही."

शिडीच्या पायथ्याशी चिमणाबाई भाकरीचे फडके घेऊन बसली होती. तिने खालूनच उत्तर दिले, "न्हाई इचारत. जेवलीस का, येवढं तरी इचारू का?"

ग्रामसभेत आकारामने ताईंचे पत्र वाचून दाखवले. त्यावर बाळासो उठून म्हणाला, "बारा जीपवाल्याला राम राम सांगा." कंत्राटदार निघून गेला.

आता माझ्याकडे महिन्यात थोडीच माणसे येतात, आणि तेवढी पुरे आहेत. मध्यंतरी गडहिंग्लजचे एक निवृत्त मास्तर एकटेच आले होते. दोन तास ते मनातल्या मनात काही म्हणत बसले आणि उतरताना त्यांनी माझ्या फळीला नमस्कार केला. नवे लग्न झालेले एक जोडपे आले. आधी मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरले. मग दोघांनी मोबाइल पिशवीत टाकले आणि एकमेकांकडे अशा रीतीने पाहिले, जणू ओळख आताच होते आहे. गवे कधी येतात, कधी येत नाहीत. न आल्याची तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

माझा एक खांब वाळवीने पोखरला होता, तो यंदा आकारामने बदलला. उरलेले तीन किती वर्षे टिकतील, हे ऐनाचे लाकूड जाणे आणि तो जगन्नाथ जाणे. माझी विनवणी एवढीच, की जंगल पाहायला निघालात तर जिथे गर्दी कमी तिथे जा, आणि पोहोचल्यावर घटकाभर वाणीला विसावा द्या. कोणी एकटा आला असेल तर त्याला एकटे राहू द्या. दोघे आले असतील तर त्यांच्यामध्ये शब्द टाकू नका.

ज्यांनी ही हकिकत ऐकली, त्यांच्या घरी अन्न सरू नये, चूल विझू नये, लेकीसुना निर्भय असाव्यात. म्हाताऱ्यांना मायेचे माणूस लाभो. वाटेवरच्याला पाणी मिळो, रानातल्या जिवाला रान मिळो. प्रत्येक उंबऱ्याच्या आत दिवसातून एकदा तरी अशी शांत घटका येवो, की नाम आपोआप ओठांवर उमटेल. आई भावेश्वरी तुम्हा सर्वांचे, आणि तुमच्या दारच्या गुराढोरांचेही, कल्याण करो.