सोलापुरातला सागरी कायदा

त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती आणि प्राचार्य बिराजदारांना अचानक विद्यार्थ्यांच्या भविष्याची काळजी वाटू लागली. काळजी इतकी वाढली, की एकाच बैठकीत त्यांनी सात प्रमाणपत्र अभ्यासक्रम मंजूर करून टाकले. सायबर कायदा, क्रीडा कायदा, अंतराळ कायदा आणि असेच आणखी काही. एलएलबीच्या पोरांना साधा दिवाणी दावा कसा दाखल करतात हे कुणी नीट दाखवलं नव्हतं. पण उद्या उपग्रह कोसळून कुणाच्या डोक्यात पडला, तर भरपाई कुणाकडे मागायची याची सोय आता झाली होती.

सातवा अभ्यासक्रम सागरी कायद्याचा. सोलापुरातून समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो, पण प्राचार्यांची दृष्टी दूरची. शिकवायची जबाबदारी त्यांनी गुरुशांत हत्तुरे सरांवर टाकली. हत्तुरे सर सातबारा, वाटणीपत्र आणि बांधाची भांडणं यांतले जाणकार.

"पाण्याचे दावे तुम्हीच चालवता की," प्राचार्य म्हणाले.

सरांनी चालवलेले दावे सामाईक विहिरीवरच्या पाळीचे होते. पण पाणी ते पाणी, अशी स्वतःची समजूत घालून सर वर्गावर गेले.

उत्कर्षा शेवटच्या वर्षाला होती. करकंबची पोरगी, वडिलांचं तिथं खताचं दुकान. तिला खरं तर सायबर कायदा घ्यायचा होता, पण त्याच्या जागा संस्थेच्या संचालकांच्या भाचेपुतण्यांनी भरल्या, आणि ऑफिसातल्या क्लार्कनं तिला समुद्रात ढकललं. पहिल्या तासाला सरांनी 'जहाज' या शब्दाची व्याख्या सांगितली. दुसऱ्या तासाला तीच पुन्हा सांगितली, कारण पहिल्या तासाला कुणी आलं नव्हतं. तिसऱ्या तासाला उजनीतली होडी या व्याख्येत बसते का यावर चर्चा झाली. ती अनिर्णित राहिली आणि अर्धा अभ्यासक्रम संपला.

फ्लेक्स मात्र झकास झाला होता. कॉलेजच्या गेटवर, विजापूर रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. हात जोडलेले प्राचार्य, त्यांच्यामागे पांढरंशुभ्र अवाढव्य जहाज आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सागरी कायदा तज्ज्ञ मार्गदर्शन केंद्र'. नीट निरखलं तर जहाजाच्या छतावर पोहायचा तलाव होता आणि चड्डीवरचे दोन गोरे त्यात डुंबत होते.

तो फ्लेक्स गंभीरपणे घेणारा एकच माणूस निघाला. ती केराबाई.

केराबाई सांगोल्याकडची, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिचा थोरला, युवराज, एका एजंटाच्या ओळखीनं बोटीवर कामाला लागला होता. आता ती बोट आखातातल्या कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. मालक फिरकत नव्हता, एजंटाचा फोन बंद. केराबाई भावाला घेऊन सोलापूरला आली, दोन-चार कचेऱ्यांत हिंडली, आणि प्रत्येक ठिकाणी तिला पुढच्या कचेरीचा पत्ता मिळाला. परतीच्या रिक्षातून तिला गेटवरचं जहाज दिसलं. वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं. तिनं रिक्षा थांबवली.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये ती उभी राहिली, तेव्हा उत्कर्षा तिथंच होती. परीक्षेच्या फीच्या अर्जावर सही घ्यायला आली होती.

"सायेब, माझं लेकरू बोटीवर अडाकलंय," केराबाई म्हणाली. "तुमी बोटीचं वकील न्हवं का?"

प्राचार्यांनी शेजारी बसलेल्या हत्तुरे सरांकडे बघितलं. हत्तुरे सरांनी पंख्याकडे.

"बाई, हे शिक्षणाचं केंद्र आहे," प्राचार्य म्हणाले. "इथं आम्ही ज्ञान देतो. प्रत्यक्ष काम नाही."

"मग बोर्डावर मार्गदर्शन लिवलंय, ते?" केराबाईच्या भावानं विचारलं. त्याला वाचता येत होतं, ही मोठी अडचण झाली.

"ते विद्यार्थ्यांना." प्राचार्यांनी जरा विचार केला. "एजंटाचा फोन बंद आहे म्हणता ना? मग हे सायबरमध्ये येईल. सायबरचे सर गुरुवारी येतात."

केराबाई खुर्चीवर बसली नव्हती, आता फरशीवर बसली. रडली नाही. गुरुवारपर्यंत बसून राहायची तयारी असल्यासारखी पदर सावरून बसली. उत्कर्षाला कुणी विचारलं नव्हतं, पण आपण त्या विषयाची फी भरली आहे एवढं तिला आठवलं आणि उगाचच लाज वाटली.

"मावशी, चला बाहेर," ती म्हणाली. "युवराजचा नंबर द्या मला."

फोन संध्याकाळी लागला. पलीकडून आवाज यायचा आणि तुटायचा. जेवण म्हणजे नुसता भात. प्यायचं पाणी संपत आलेलं. जनरेटरला डिझेल नाही, म्हणून सगळे डेकवर झोपतात. पासपोर्ट कप्तानाकडे, आणि कप्तान स्वतःच अडकलेला.

"आईला पाण्याचं सांगू नका, मॅडम," युवराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी मॅडम म्हणालं, आणि त्याचं तिला ओझंच वाटलं.

ती हत्तुरे सरांकडे गेली. सर खरं बोलले. "उत्कर्षा, मला बांध कळतो. बोट नाही कळत."

मग तिनं स्वतःच वाचायला घेतलं. मालकानं अन्न, पाणी, डिझेल देणं बंद केलं, की त्यानं खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं कायदा धरतो, आणि मग त्याला घरी आणायची जबाबदारी जहाजाच्या विमा कंपनीवर येते. हे सगळं व्याख्येच्या पुढच्या पानांवर होतं, जिथं वर्ग कधी पोचलाच नव्हता. मुंबईत नौवहन महासंचालनालय नावाचं सरकारी कार्यालय आहे आणि ते अशाच तक्रारी ऐकतं, हेही तिला तेव्हाच कळलं.

तक्रारअर्ज मात्र सर हट्टानं स्वतः लिहायला बसले. भाषा ठणठणीत होती. फक्त सवयीनं त्यांनी जहाजाच्या चतुःसीमा घातल्या होत्या. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस बंदर. उत्कर्षानं तेवढं काढलं. बाकीच्याचं इंग्रजी करून मुंबईला पाठवलं, खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पाठवलं, विमा कंपनीला पाठवलं.

पुढचे आठवडे ती फोनच करत राहिली. साहेब मीटिंगमध्ये असत, जेवायला असत, किंवा नुकतेच बाहेर पडलेले असत. एकदा ती थेट मुंबईला गेली, सर स्वखुशीनं बरोबर आले. तिथल्या एका अधिकारी बाईंनी अर्ज पूर्ण वाचला आणि विचारलं, "तुम्ही सोलापूरच्या? आणि सागरी कायदा?" उत्कर्षा हो म्हणाली. बाई हसल्या नाहीत, त्यांनी फाईल पुढे सरकवली. मग बोटीवर पाण्याची पिंपं पोचली, नंतर तांदूळ-भाजी, आणि पावसाळा सरता सरता एक दिवस युवराजचा फोन आला. तिकीट झालं होतं.

त्याला उतरवून घ्यायला केराबाई कुर्डुवाडी स्टेशनवर गेली. उत्कर्षाही गेली. पोरगा इतका वाळला होता, की केराबाईनं आधी त्याच्या मागून उतरणाऱ्या माणसाकडे बघितलं.

आता कॉलेजला सगळं आठवलं. मूल्यांकन समितीच्या दिवशीच युवराजचा सत्कार ठरला. सभागृहात पंखे अर्धेच चालू होते आणि त्याच्या खांद्यावर दोन जाडजूड सोलापुरी चादरी घातल्या होत्या. तो घामानं निथळत बसला.

"आमच्या केंद्रानं सातासमुद्रापलीकडे हात पोचवला," प्राचार्य माइकवर म्हणाले. समितीनं टाळ्या वाजवल्या, कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. उत्कर्षाचं नाव भाषणात आलं होतं, 'आमच्या विद्यार्थ्यांनी' या शब्दांत.

प्रमाणपत्र तिला मिळालं नाही. हजेरी कमी पडली. तेवढे तास फोनांत आणि मुंबईच्या खेपेत गेले होते.

"नियम आहे," प्राचार्य हळहळत म्हणाले. "आपणच नियम मोडले तर कायद्याच्या कॉलेजची शोभा ती काय?"

हत्तुरे सर पहिल्यांदाच प्राचार्यांशी वाद घालायला उठले. उत्कर्षानं त्यांना खुणेनं बसवलं. तिला हसू येत होतं, आणि बाहेर केराबाई ताटकळली होती.

गेटबाहेरच्या टपरीवर तिघं चहाला बसले. युवराजनं चादरी मांडीवर ठेवल्या आणि कपात बघत म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या बोटीचा कॉल आलाय. पंढरपूरचा एजंट हाय. चांगला वाटतोय."

केराबाईनं कप खाली ठेवला. "कुटं न्हाय जायाचं. शेरडं राखायची."

"शेरडांवर भागलं असतं तर मी बोट कशाला धरली असती, आये?"

उत्कर्षानं एजंटाचं नाव विचारलं, फोन काढला आणि सरकारी यादीत शोधलं. दोनदा शोधलं.

"याची नोंदच नाही, युवराज. हा नको."

"नोंद असलेला मिळंल?"

"मिळेल. वेळ लागेल."

युवराजची मान हळूच हलली, ती हो होती की नुसती ऐकल्याची, ते उत्कर्षाला कळलं नाही. केराबाई लेकाकडे न बघता उत्कर्षाला म्हणाली, "तूच हुडक बाई. त्याला लई कळत न्हाय. आन् पाण्याचं मला आधी सांगत जा. मी आय हाय त्याची, मला तवाच कळलं हुतं."