रोज रिकामी परतणारी बाटली

मी एक जुनी स्टीलची बाटली आहे. अंगावर तीन पोचे, झाकणाची कडी तुटलेली, आणि पोटात सध्या एक थेंबही नाही. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातल्या एका मोठ्या यंत्राखाली झाला. तिथे आम्हा बाटल्यांना एकच गोष्ट शिकवतात, पोटातले पोटात ठेवायचे. पुढे तेच महागात पडले.

मला एका नर्सने विकत घेतले. तिची धाकटी बहीण शाळेत शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा तिने मला बहिणीच्या पिशवीत घातले आणि दम भरला, "रोज संध्याकाळी बाटली रिकामी दिसली पाहिजे हं. नाहीतर गाठ माझ्याशी आहे!"

"हो ग ताई," धाकटी हसत म्हणाली. शाळेत तिला सगळे बाई म्हणू लागले.

बाईंच्या वर्गात मागच्या बाकांवर अकरा मुले बसत. कामासाठी परगावाहून आलेल्यांची मुले ती. त्यांची घरची बोली वेगळी, म्हणून बाकीचे त्यांना हसत, आपल्या बाटलीला हातही लावू देत नसत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले. "ही बाटली सगळ्यांची," त्या म्हणाल्या, आणि त्या अकरा जणांना त्यांनी पुढे बसवले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आता त्याची लाज वाटते.

कारण अकरा तोंडे लागल्यावर माझ्यात फारसे काही उरत नसे, आणि उरले तरी बाई ते मुलांनाच देत, स्वतः पीत नसत. स्वच्छतागृह पटांगणाच्या पार टोकाला. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला त्या हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि मी बाहेर गेले की यांची चिडवाचिडवी सुरू." मधल्या सुट्टीत त्या मुलांचे वाचन घेत, शाळा सुटल्यावर त्यांच्या आईवडिलांना भेटत. बाईंचे ओठ सुकत चालले. पाठीत कळ आली की त्या फळ्याला टेकून उभ्या राहत. घरी ताई मला कानाशी धरून हलवून बघे आणि खूश होई. "शहाणं ग माझं बाळ!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका सभेत मुख्याध्यापक म्हणाले, "काम करावं तर यांच्यासारखं! स्वतःकडे बघायलासुद्धा वेळ नसतो यांना." टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्यांची भीती वाटली.

मग एका मंगळवारी फळ्यावर लिहिताना बाईंच्या हातातला खडू खाली खाली घसरत गेला. अंग तापाने फणफणले होते. खाली बसत त्या म्हणाल्या, "पाणी दे ग." पुढच्या बाकावरची मुलगी धावली. तिने माझे झाकण काढले आणि मला उलटे केले. माझ्यातून काहीच पडले नाही.

बाईंना दवाखान्यात नेले. मी वर्गातच राहिले. दुसऱ्या दिवशी बदली शिक्षक आले. त्यांनी काही वाईट केले नाही, फक्त "आपापल्या जागेवर बसा" म्हणाले. अकरा मुले निमूटपणे मागच्या बाकांवर गेली.

चार दिवसांनी ताई सामान न्यायला आली. मला हातात घेऊन ती शिक्षकांना म्हणाली, "किडनीवर सूज आलीय. डॉक्टर म्हणतात, पाणीच पीत नव्हती. असं कसं होईल? बाटली तर रोज रिकामी यायची."

मागच्या बाकावरून ती मुलगी म्हणाली, "ते आम्ही प्यायचो."

ताईने झाकण काढून माझ्यात वाकून पाहिले. मुलीने विचारले, "बाई कधी येणार?" ताईने झाकण लावले आणि मला पिशवीत ठेवले.

मित्रांनो, तुमच्या बाईंना किंवा सरांना पाणी पिताना तुम्ही शेवटचे कधी पाहिले? आठवत नसेल, तर उद्या विचारा. आणि ते "हो, प्यायलो" म्हणाले, तरी लगेच विश्वास ठेवू नका.