अंगाईबुवाची गोळी

‘कामाला निघताना गोळी लेकराला चाटवायची, माये, आन् मागं वळून बघायचं न्हाई. पोर देवाच्या मांडीवर निजतं.’

अंगाईबुवाचं ते सांगणं आठवलं की बयाबाईंना आता स्वतःचाच राग यायचा. शेजारच्या चांगुणाला लेकरासकट बुवाकडे नेलं होतं त्यांनीच.

दुष्काळाचं साल. वडगाव रासाईच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालेलं. बाया माती वाहायच्या, लेकरं बाभळीखाली टाहो फोडायची आणि मुकादम खेकसायचा, “पोरं गप करा, न्हाईतर घरी जा!” अशात हा बुवा वडाखाली येऊन बसला. भस्म आणि गुळाची गोळी द्यायचा. रडून निळं पडलेलं पोर घटकाभरात मान टाकायचं. वडाखाली रोज जत्रा लोटायची.

पण चांगुणाचा म्हाळू तीन महिन्यांपूर्वी “आय”, “काऊ” म्हणायचा. आता दोन वर्षांचा झाला, तरी हाक मारली तर वळून बघेना. बुवाला विचारलं तर म्हणाला, “मागल्या जन्मीचा योगी हाय त्यो! योग्याला बोलायचं काय काम?” बायांनी लगेच म्हाळूच्या पाया पडायला सुरुवात केली.

सोमवारी बयाबाईंचा उपास होता. चांगुणानं एक गोळी प्रसाद म्हणून त्यांच्या हातावर ठेवली. प्रसाद नाकारायचा नाही हा त्यांचा नेम. दुपारी त्या जपाला बसल्या आणि जाग्या झाल्या तेव्हा दिवेलागण टळून गेली होती. तोंडाला कोरड, डोकं जड. वीस वर्षांत देवापुढचा दिवा पहिल्यांदा चुकला होता.

“एका गोळीनं माझी ही गत,” त्या पुटपुटल्या, “आणि ते एवढंसं लेकरू रोज खातंय!”

दुसऱ्या दिवशी त्या म्हाळूला घेऊन नर्स रजियाबाईंकडे गेल्या. रजियाबाईंनी त्याला सावलीत नेऊन डोळे पाहिले.

“सावलीतसुद्धा बाहुली मोहरीएवढीच. बयाआक्का, ही झोप नव्हे, अफूची गुंगी आहे. दिवसभर पाहिलेलं, ऐकलेलं लेकराच्या डोक्यात खऱ्या झोपेत मुरतं. पण ह्यानं काही पाहिलंच नाही, ह्याच्याशी कुणी बोललंच नाही, तर मुरायचं काय?”

दोघी तडक वडाखाली गेल्या.

“महाराज, तीन गोळ्या तुम्हीच घ्या,” बयाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

“साधू आपलाच परसाद खात नसतो, माये!”

“आमच्याकडं नैवेद्य आधी देवाला, मग लेकराला. तुमच्याकडं उलटं कसं?”

बाया खुदकन हसल्या. बुवानं झोळी उचलायची घाई केली, तर रजियाबाईंनी ती धरली. आतून घरंगळली ती अफूची सुकी बोंडं. ती उकळून तेच पाणी भस्मात कालवलेलं. बुवा खडावा टाकून पळाला.

पण जयजयकार बयाबाईंचा झाला नाही. मातीकामावरची सरूबाई उसळून म्हणाली, “झालं समाधान? आता पोरं कुणाच्या उरावर टाकायची? तुमचं काय जातंय, आक्का, तुमचं घरबसल्या धकतंय!”

बाई चुकीचं बोलत नव्हती. बुवा पळाला, पण मुकादम आणि बाभळ तिथंच होती.

“सरू,” रजियाबाई म्हणाल्या, “रडणारं पोर काहीतरी मागतंय. भूक, सोबत, चार शब्द. त्याचं तोंड बंद करणारा देवमाणूस नसतो. कोण काय चाटवतंय, ते आधी विचारत चला. आणि आधी सगळी पोरं तळेगावच्या डॉक्टरांकडं.”

चांगुणानं म्हाळूला छातीशी धरलं. “दवाखान्यातून आल्यावर काय, आक्का? बोलंल का त्यो?”

“ठाऊक नाही, बाई. पण तू मातीवर जाशील तेवढा वेळ मी त्याच्याशी बोलत बसेन. रोज. ज्यांना ठेवायचीत त्यांनी पोरं माझ्यापाशी ठेवा.”

पोरं दवाखान्यातून परतली. सहाव्या दिवशी सकाळी बयाबाईंनी पूजा लवकर आटोपली, पोरांसाठी बाभळीला बांधायची जुनेराची झोळी काखेत मारली आणि कुणाला काही न सांगता तलावाची वाट धरली.